मदत हवी आहे: भिंतीत बसवायच्या फिशटँकचं वजन कशावर घ्यावं?

नमस्कार मंडळी. हॉल आणि बेडरूममधल्या भिंतीत खिडकीसारखी चौकट पाडून फिशटँक बसवायचा विचार आहे. टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. म्हणजे पाणीच सुमारे ३४० लिटर! १२ मिमी काच, वाळू-दगड धरून हिशेब साडेचारशे किलोच्या पुढे जातो.

भिंत चार इंची विटांची आहे. मिस्त्री म्हणतो, "साहेब, खाली कडप्पा टाकतो, काही होत नाही." पण दीड फुटाच्या टाकीतला फूटभराहून जास्त भाग बेडरूममध्ये अधांतरी राहणार, त्यामुळे मला ते पटत नाही. परवा ड्रिल मारलं तर विटेचा भुगा नुसता पिठासारखा गळत होता.

म्हणून लोखंडी स्क्वेअर पाइपचं स्टँड थेट जमिनीवर उभं करायचं, भिंतीवर काहीच भार नको, असं ठरवतोय. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. खालच्या काकूंकडे चहाच्या निमित्ताने छत बघून आलो. त्या भिंतीच्या रेषेत बीम दिसतो. पण घरातला स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात, आणि टाकीखाली हा आकडा आठशेवर जातो. बीम जवळ असल्याने चालेल का? पायांखाली प्लेट किती मोठी घ्यावी? चौकटीवर लिंटेल (वरच्या विटांचा भार पेलणारी आडवी तुळई) लागेलच ना?

स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावणार आहेच, पण कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा. बायकोची अट एकच: गळता कामा नये.