पांढऱ्या बगळ्यांची चोच आणि पावसाळा

लहान, मध्यम आणि मोठा बगळा या पांढऱ्या बगळ्यांच्या वेगवेगळ्या जाती. त्या ओळखायचा 'चोच काळी तो लहान बगळा, चोच पिवळी तो मोठा किंवा मध्यम' हा नियम हिवाळ्यात चालतो, पण आमच्या भंडारा-गोंदियाकडे भाताच्या रोवणीच्या (लावणीच्या) दिवसांत तो साफ फसतो. विणीच्या हंगामात मोठ्या आणि मध्यम बगळ्याचीही चोच काळी होते, आणि नेमके तेव्हाच बांध्यांत (भातखाचरांत) बगळे सगळ्यात जास्त दिसतात. लहान बगळ्याची पिवळी बोटं बघा म्हणावं, तर चिखलणी झालेल्या बांधीत ती दिसतच नाहीत. तो धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) चढेपर्यंत किंवा उडेपर्यंत थांबावं लागतं.

माझा भरवसा जबड्याच्या रेघेवर आहे. चोच जिथे चेहऱ्याला मिळते तिथून एक बारीक गडद रेघ मागे जाते. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या पार मागे पोचते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच थांबते. चोचीचा रंग बदलला तरी ही रेघ बदलत नाही. म्हणून फोटो बाजूने काढा, डोळा नीट फोकसमध्ये हवा. लहान बगळ्याची चोच सुईसारखी सडपातळ, मध्यमची आखूड नि जाड. गायबगळ्याचा तर प्रश्नच नाही, त्या दिवसांत त्याचं डोकं, मान आणि पाठ केशरी झालेली असते. कोकणातल्या मंडळींना मात्र समुद्र बगळ्याच्या (किनाऱ्यावरचा हा बगळा राखाडी आणि पांढरा अशा दोन रूपांत असतो) पांढऱ्या रूपाकडेही लक्ष द्यावं लागेल. इकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर आम्हाला ती अडचण येत नाही.