पणजोबांची नोंद ग्रामपंचायतीत नाही म्हणून थांबू नका

पणजोबांची मृत्यूनोंद ग्रामपंचायतीत सापडली नाही, म्हणजे ती नाहीच, असं बरेच जण समजतात. कृपया एवढ्यावर सोडू नका. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. त्याआधीच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे गावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत (कोतवाल बुकात) असतात आणि ती जुनी बुकं बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडतात. तालुक्याचं विभाजन झालं असेल तर आधी जुन्या तालुक्याला विचारा. माझे दोन हेलपाटे यातच वाया गेले.

मी मात्र सुरुवात फेरफारापासून, म्हणजे जमिनीच्या मालकीहक्कातल्या बदलाच्या नोंदीपासून केली. सातबाऱ्यावर गोल केलेले फेरफार क्रमांक असतात. त्यातला वारसाचा फेरफार काढला. "अमुक मयत, वारस मुलगे तीन, मुली दोन" अशी एकच ओळ, पण मयताची तारीख मिळाली आणि घरात कुणालाच ठाऊक नसलेल्या एका आत्याआजीचं नावही! त्या तारखेवरून कोतवाल बुकाचं वर्ष नेमकं सांगता आलं. नाहीतर अर्जात "1930 ते 1950" लिहिलं की शोधणारा कर्मचारीही वैतागतो.

जुनी पानं बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, वाचणारा जाणकार गाठा. मराठवाड्यात निजामकाळातल्या बऱ्याच नोंदी उर्दूत आहेत. शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवहीही बघा, आजोबा शिकले असतील तर पणजोबांचं नाव तिथे सापडू शकतं. नक्कल मात्र प्रमाणित, सहीशिक्क्याची घ्या. मोबाइलवर काढलेला फोटो पुढे कुठेच चालत नाही.