मोनालिसाचं हसू कागदावर उतरत नाही, चूक कुठे होतेय?

रेघ_नि_छाया:
ए३ कागदावर पेन्सिलीने मोनालिसाची प्रत करतोय. छापील चित्रात डोळ्यांकडे पाहिलं की ती हसते, ओठांवर नजर नेली की हसू विरतं. माझी मोनालिसा सारखीच हसते, तेही ओढूनताणून. मापं तपासली, बरोबर आहेत. कागद उलटा धरून पाहू का?

दृष्टिपटल:
मापात नाही, रेघेत चुकतंय. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. डोळ्याला एका वेळी बारकावे दिसतात ते जेमतेम तेवढ्याच भागातले, साधारण दोन अंश. कडेच्या भागातून फक्त ढोबळ उजेड-सावली कळते. मेंदू आणि दृष्टीच्या अभ्यासक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी २००० साली दाखवलं की हे हसू त्या ढोबळ छटांतच आहे. नजर डोळ्यांवर असताना गालाची सावली ओठांच्या कोपऱ्यांत मिसळते आणि कोपरे वर वळल्यासारखे वाटतात. थेट ओठ बघितले की बारीक तपशील पुढे येतो, त्यात हसू फारच थोडं.

मूळ चित्र मोबाइलवर टपाल तिकिटाएवढं करून बघा, बारकावे गळतात आणि ती जास्त हसते. तुमची प्रत लहान-मोठी करूनही तशीच हसत असेल, तर हसू रेघेत अडकलंय.

कोळसाकाडी:
ओठांमधली रेघ कोपऱ्याच्या ३-४ मिलिमीटर आधीच सोडा. कोपरा रेघेने बंद करायचाच नाही. आधी २बी पेन्सिलीने (मऊ शिसं) गालापासून कोपऱ्यापर्यंत सलग छटा द्या, कागदी स्टंपने (छटा पुसट करायची घट्ट गुंडाळलेल्या कागदाची कांडी) कडा विरवा, त्याहून मऊ आणि गडद ४बी शेवटी. दर थोड्या वेळाने डोळे किलकिले करून बघा.

कागद गुळगुळीत घ्या. खरखरीत कागदावर कोपऱ्यापाशी एखादा काळा दाणा उठला तरी भाव बदलतो. दृष्टीचे संशोधक कोन्त्सेविच आणि टायलर यांनी २००४ साली याच चेहऱ्यावर वेडेवाकडे ठिपके पसरून पाहिले होते: कोपरे वर उचलणारे ठिपके पडले की ती आनंदी वाटली, खाली ओढणारे पडले की उदास.

दृष्टिपटल:
उलटं धरण्याचं राहिलं. मापांसाठी जरूर धरा, भावासाठी अजिबात नको. मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी १९८० साली मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत फक्त डोळे आणि तोंड उलटं चिकटवलं. फोटो उलटा धरला की फारसं काही खटकत नाही, सुलटा केला की चेहरा भेसूर. उलट्या चेहऱ्यात डोळे-नाक-तोंड एकत्र वाचण्याची आपली सवय कोलमडते. त्यापेक्षा चित्र आरशात बघा. चेहरा सुलटाच राहतो आणि डाव्या-उजव्या कोपऱ्यांतला फरक लगेच नजरेत भरतो.