संकुलाच्या २०२६च्या तक्त्यात श्रावण कोणता धरावा, आणि ईद, पर्युषण, उत्तम शुक्रवार कसे नोंदवावेत?

सुदामानगरवासी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या इंदूरच्या निवासी संकुलाच्या समितीने यंदा माझ्याकडे एक काम सोपवले आहे. २०२६ सालातील सर्व धर्मांचे सण, व्रते आणि पाळण्याचे दिवस एका मोठ्या तक्त्यावर लिहायचे आणि तो तक्ता लिफ्टजवळच्या भिंतीवर वर्षभर लावून ठेवायचा. संकुलात आम्हा मराठी लोकांची घरे बरीच आहेत. त्याशिवाय माळवी आणि मारवाडी कुटुंबे आहेत, जैनांत दिगंबर आहेत तसे श्वेतांबरही आहेत, सिंधी आहेत, दाऊदी बोहरा आणि सुन्नी मुस्लिम आहेत, दोन ख्रिस्ती घरे आहेत आणि तळमजल्यावर एक पारशी आजी राहतात.

काम सोपे वाटले होते, पण सुरुवातीलाच अडले. आमच्या स्वयंपाकघरात दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. एक सासूबाईंचे कालनिर्णय आणि दुसरे लाला रामस्वरूप पंचांग, ज्याच्या चौकटींत मी दुधाचा हिशेब लिहिते. मराठी हिशेबाने २०२६चा श्रावण १३ ऑगस्टला लागतो, तर शेजारच्या माळवी काकूंचा सावन ३० जुलैलाच सुरू होतो. त्यांचे वटसावित्रीचे व्रत १६ मे रोजी आहे आणि आमची वटपौर्णिमा २९ जूनला. दरवर्षी पंधरा दिवसांचे अंतर असते, ते यंदा दीड महिन्याचे कसे झाले, हे मला उलगडत नाही.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून वाईट वाटते. गेल्या मोहरमला आमच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी फुलांचे चित्र टाकून ‘मुबारक’ असे लिहिले आणि पाठोपाठ वीसेक जणांनी तेच लिहिले. त्यांत मीही होते. संध्याकाळी जिन्यात भेटलेले शेजारी अगदी हळू आवाजात म्हणाले, “ताई, आमच्याकडे हा शोकाचा दिवस असतो.” असे पुन्हा होऊ नये, यासाठी तारखेसोबत आणखी काय लिहावे, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

रामबागकर

ताई, आपल्या दोन्ही दिनदर्शिका बरोबर आहेत. आपण महाराष्ट्रातून आलेली मंडळी अमावास्येला महिना संपवतो, त्या पद्धतीला अमांत म्हणतात. माळव्यात आणि एकूण उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेला संपतो, ती पौर्णिमांत पद्धत. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हींकडे एकच असते. कृष्ण पक्ष मात्र आपल्याकडे चालू महिन्याचा वद्य पक्ष मानला जातो आणि त्यांच्याकडे तो पुढच्या महिन्याचा पहिला पंधरवडा असतो. म्हणून आपली फाल्गुन वद्य पंचमी हीच त्यांची चैत्र कृष्ण पंचमी, आणि राजवाड्यासमोरून रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तो दिवस दोघांचाही एकच, म्हणजे २०२६ साली ८ मार्च. जन्माष्टमी आपण श्रावणात म्हणतो, ते भाद्रपदात म्हणतात. दिवाळीची अमावास्या आपल्या आश्विनात पडते, त्यांच्या कार्तिकात. पाडव्याची गंमत मला लहानपणापासून वाटत आली आहे : त्यांचा चैत्र अर्धा उलटून गेल्यावर त्यांचेही नवे संवत्सर आपल्याच गुढीपाडव्याला सुरू होते.

म्हणजे तिथीला धरून असलेल्या सणांत भांडण नाहीच. फरक पडतो तो पूर्ण महिनाभर पाळायच्या नियमांत, आणि त्यांत श्रावण सर्वांत महत्त्वाचा. २०२६ साली माळवी घरांचे सावन सोमवार ३, १०, १७ आणि २४ ऑगस्टला आहेत, तर मराठी घरांचे श्रावणी सोमवार १७, २४, ३१ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबरला. दोघांचे सामाईक सोमवार दोनच, १७ आणि २४ ऑगस्ट. संकुलाच्या मंदिरात सामुदायिक अभिषेक करायचा असेल, तर या दोन दिवसांपैकी एक निवडावा. उज्जैनला महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, सावनाच्या सोमवारी सुरू होते आणि पौर्णिमा झाली तरी थांबत नाही, भादोंच्या (भाद्रपदाच्या) कृष्ण पक्षातही निघत राहते. त्यामुळे तिथे आपले उरलेले श्रावणी सोमवारही आपोआप साधले जातात. माझे वडील शेवटच्या सवारीला आवर्जून जात, कारण त्यांच्या लेखी तो श्रावणच असे.

आता वटसावित्रीविषयी. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. ही अकरा दिवसांची तूट साठत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना धरून भरून काढली जाते. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिना पौर्णिमांत पंचांगातही प्रतिपदा ते अमावास्या असाच मोजतात. त्यामुळे त्यांच्या निज, म्हणजे नेहमीच्या, ज्येष्ठाचा कृष्ण पक्ष आधी येतो, मग मध्ये अख्खा अधिक महिना आणि त्यानंतर निज ज्येष्ठाचा शुक्ल पक्ष, अशी मांडणी होते. माळवी बायकांचे व्रत पहिल्या तुकड्याच्या अखेरच्या अमावास्येला, म्हणजे १६ मे रोजी येते. आपले व्रत शेवटच्या तुकड्याच्या पौर्णिमेला, म्हणजे २९ जूनला. एरवीच्या पंधरा दिवसांच्या मध्ये पूर्ण महिना शिरला, म्हणून अंतर चव्वेचाळीस दिवसांचे झाले.

माझा सल्ला असा की तक्त्यावर महिन्याचे नाव न लिहिता इंग्रजी तारीख आणि सणाचे नाव एवढेच लिहावे. फक्त श्रावणासाठी दोन रंगांच्या दोन पट्ट्या ओढाव्यात.

सियागंजातली शिक्षिका

मी सियागंजच्या परिसरातील शाळेत बरीच वर्षे शिकवले आणि माझ्या सहकाऱ्यांत बोहरा व सुन्नी दोन्ही होत्या, म्हणून या भागाविषयी लिहिते. रामबागकरांनी अधिक महिन्याची जी सोय सांगितली, ती मुस्लिमांच्या हिजरी वर्षात नाही. ते वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचेच राहते, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. शाळेत एकीने मला सांगितले होते की तिने पहिला रोजा मे महिन्यात धरला होता आणि तिच्या मुलीने डिसेंबरमध्ये; दोघींच्या आठवणींतली तहान वेगवेगळी आहे.

सुन्नी घरांत महिन्याची सुरुवात चंद्र दिसण्यावर ठरते. म्हणून रमजानचा पहिला रोजा १८ किंवा १९ फेब्रुवारी आणि ईद-उल-फित्र २० किंवा २१ मार्च, अशी दुहेरी नोंद करून शेजारी ‘चंद्रदर्शनानुसार’ असे लिहावे. दाऊदी बोहरांचे तसे नसते. त्यांची दिनदर्शिका गणिताने आधीच ठरलेली असते : एक महिना तीस दिवसांचा, पुढचा एकोणतीस दिवसांचा, आणि तीस वर्षांच्या चक्रात अकरा वर्षांना एकेक दिवस जास्तीचा. त्यांचा रमजान नेहमी पूर्ण तीस दिवसांचा असतो आणि सहसा इतरांच्या एक-दोन दिवस आधी लागतो. त्यांच्या तारखा त्यांच्याकडूनच विचारून घ्याव्यात. त्या वर्षभराच्या आधीपासून पक्क्या ठाऊक असतात.

आशुरा, म्हणजे मोहरमची दहावी तारीख, २६ जूनच्या आसपास येईल. करबलाच्या मैदानात इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती मारले गेले, त्याची ती आठवण आहे. इंदुरात होळकरांच्या काळापासून चालत आलेला सरकारी ताजिया आजही निघतो आणि तो पाहायला सर्व धर्मांचे लोक रस्त्यावर उभे राहतात, त्यामुळे पाहणाऱ्याला तो उत्सवच वाटतो. आपल्या गटावर जे झाले, त्याचे मूळ बहुधा यातच आहे. बोहरा समाजात हे दहा दिवस प्रवचन ऐकण्याचे आणि रडण्याचे असतात. सप्टेंबर २०१८ मध्ये बोहरांचे धर्मगुरू सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांची ती प्रवचने इंदूरलाच झाली होती आणि योगायोगाने गणेशोत्सवही त्याच दिवसांत होता. माझी एक सहकारी त्या दिवसांत दुपारी परत यायची तेव्हा तिचे डोळे सुजलेले असत. मी काही न बोलता तिच्यासाठी चहा ठेवत असे, आणि तेवढे पुरे होते.

व्हाइट चर्चजवळून

आमचे घराणे नगरकडचे आणि मराठी ख्रिस्ती, पण तीन पिढ्या इंदुरात गेल्या. शिक्षिकाबाईंनी जे मोहरमविषयी लिहिले, तेच मला उत्तम शुक्रवाराविषयी लिहायचे आहे. २०२६ साली तो ३ एप्रिलला आहे. त्या दिवशी प्रभू येशूला वधस्तंभावर खिळले, त्याचे स्मरण आम्ही करतो. दुपारची उपासना लांबते, घरी साधे जेवण होते आणि आई त्या दिवशी रेडिओसुद्धा लावू देत नसे. सुट्टी मिळते म्हणून अनेक संकुलांत त्याच दिवशी सहली आणि गाण्यांचे कार्यक्रम ठेवतात. शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी, ५ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या सणाला द्याव्यात. तेव्हा आम्ही मनापासून त्यांचा स्वीकार करू.

ईस्टरची तारीख कशी ठरते, हे पंचांग वाचणाऱ्यांना चटकन समजेल. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा तो नियम आहे. म्हणून ईस्टर आपल्या फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलला आहे आणि तीन दिवसांनी ईस्टर. २०२४ साली मात्र धुळवड २५ मार्चला झाली आणि ईस्टर ३१ मार्चला.

आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ यंदा १८ फेब्रुवारीच्या राखेच्या बुधवारी सुरू होतो. रमजानही त्याच सुमारास लागतो आणि १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे. एकाच आठवड्यात इतकी घरे उपास धरणार आहेत, हे तक्त्यावर ठळक दिसावे असे वाटते.

छत्रीबागेतला शेजारी

जैनांविषयी एक व्यावहारिक सूचना. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. श्वेतांबरांचे आठ दिवसांचे पर्युषण श्रावणाच्या अखेरीस सुरू होऊन चतुर्थीच्या सुमारास संवत्सरीला, म्हणजे क्षमा मागण्याच्या दिवशी, संपते, आणि दिगंबरांचे दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला पूर्ण होते. म्हणजे आपले गणपती बसलेले असतात, त्या सगळ्या काळात आपले दिगंबर शेजारी व्रतात असतात.

आमच्या इमारतीत गणपतीचा महाप्रसाद रात्री नऊ वाजता वाढला जाई, आणि ते शेजारी आरतीला येऊन हात जोडून परत जात. सूर्यास्तानंतर ते जेवत नाहीत आणि बटाटा, कांदा, गाजर असे कंद त्यांना चालत नाहीत, हे आम्हाला फार उशिरा कळले. आता एक पंगत संध्याकाळी पाचला बसते. तिला मुगाची डाळ, दुधी, पुऱ्या आणि शिरा असतो, आणि पाणी उकळून गाळलेले असते. पहिल्या वर्षी त्या पंगतीला चौदा माणसे बसली होती. अनंत चतुर्दशीच्या रात्री मात्र कोणताच कार्यक्रम ठेवू नये, कारण अर्धे शहर कापड गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, पाहायला बाहेर असते. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तरी कामगारांनी तिची झाकी थांबवली नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

महूकर

थोडे राहिलेले जोडतो. सिंधी शेजाऱ्यांचा चेटीचंड गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, २० मार्चला आहे. पारशी आजींना त्या कोणते वर्ष मानतात, ते विचारावे. शहेनशाही पंचांगात लीप वर्षाचा जादा दिवस धरत नाहीत, त्यामुळे ते नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे येते आणि सध्या ते १५ ऑगस्टला आहे. ध्वजवंदनानंतर त्यांना शुभेच्छा द्यायला विसरू नये. बुद्धपौर्णिमा १ मे रोजी आहे.

१४ एप्रिल कृपया मोठ्या अक्षरांत लिहावा. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली आमच्या महूला झाला आणि त्या दिवशी इंदूर-महू रस्त्यावर महाराष्ट्रातून आलेल्या गाड्यांची रांग लागते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मात्र दोन नोंदी कराव्यात. १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली तेव्हा दसरा १४ ऑक्टोबरलाच होता. आता काही घरे तारीख पाळतात आणि काही अशोक विजयादशमी, म्हणजे तिथी.

सुदामानगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तक्ता नव्याने आखला. आनंदाच्या दिवसांना पिवळा रंग, उपासाच्या दिवसांना हिरवा आणि शोकाच्या दिवसांना राखाडी दिला आहे. राखाडी चौकटींत ‘शुभेच्छा देऊ नयेत’ असे स्पष्ट लिहिले आहे. सुन्नी घरांच्या ईदच्या तारखा पेन्सिलीने लिहिल्या. बोहरा शेजाऱ्यांकडे तारखा विचारायला गेले, तेव्हा त्यांनी स्वतःची छापील दिनदर्शिकाच माझ्या हातात ठेवली आणि मोहरमचे पान उघडून समोर धरले.

फाटकाजवळच्या वडाचे काम तेवढे उरले होते. आमचा माळी दरवर्षी माळवी बायकांनी गुंडाळलेले सूत तसेच ठेवतो आणि आमची पौर्णिमा झाली की दोन्ही एकदम सोडवतो. यंदा मध्ये चव्वेचाळीस दिवस आणि पावसाची सुरुवात आहे, म्हणून त्याला २९ जूनची तारीख कागदावर लिहून दिली आहे.