चुकणाऱ्याला आत टाकलं की वॉर्ड सुरक्षित होतो का?

सिस्टर_त्र्यंबकरोड (रात्री ९:४०)

काल 'सिडकोकर' यांनी लिहिलं की नाशिकच्या दवाखान्यांत चुका होतात त्या कुणाला भीतीच उरली नाही म्हणून. दोन डॉक्टर आणि चार नर्स आत टाका, बाकीचे सुतासारखे सरळ होतील. रुग्णसुरक्षेवरचं संशोधन म्हणे एसीत बसून काळे केलेले कागद. दिवसभर गप्प बसून पाहिलं, जमलं नाही. एकतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, म्हणून लांबलचक लिहिते.

माझीच गोष्ट. नोकरीला आठ वर्षं झाली होती, म्हणजे नवखी नव्हते. रात्रपाळी, तीस खाटांचा मेडिसिन वॉर्ड, मी आणि एक विद्यार्थिनी. अँटिबायोटिकची व्हायल विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर हवं होतं. ट्रेमध्ये हात घातला, दहा मिलीचा अँप्यूल काढला, मान मोडली, सिरिंजमध्ये ओढून घेतलं. त्या पोरीला लेबलं पुटपुटत वाचायची सवय होती. ती म्हणाली, "सिस्टर, केसीएल." पोटॅशियम क्लोराइड. ते तसंच शिरेतून गेलं असतं तर हृदय जागच्या जागी थांबलं असतं. दोन्ही अँप्यूल एकाच आकाराचे आणि एकाच कप्प्यात, कारण ट्रॉलीला कप्पेच तीन होते.

मी सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मेमो मिळाला असता, वेतनवाढ अडली असती, आणि 'हिच्या हातून असं होतं' हे शेवटपर्यंत चिकटलं असतं. दोन महिन्यांनी शेजारच्या वॉर्डात दुसऱ्या सिस्टरच्या हातून तेच झालं. तिथे लेबल वाचणारं कुणी नव्हतं. माणूस गेला. सिस्टर तीन दिवसांत निलंबित. केसीएल मात्र त्याच कप्प्यात राहिलं. मी तोंड उघडलं असतं तर तो कप्पा बदलला असता. हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं १९९८ साली धोक्याचे इशारे काढायला सुरुवात केली. त्यातला पहिलाच इशारा याच औषधाचा होता: तीव्र केसीएल वॉर्डात ठेवूच नका. 'हात जपून वापरा' अशी ताकीद देऊन ते थांबले नाहीत, वस्तूच उचलायला सांगितली. पुढच्या वर्षी तिकडच्याच मोठ्या अहवालात आकडा आला की रुग्णालयांतल्या चुकांनी वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं मरतात, आणि कारण दिलं ते कामाच्या रचनेचं. तुम्ही ज्यांना कागद म्हणता ते हे.

सिडकोकर (रात्री १०:०५)

सिस्टर, तुम्ही खरं लिहिलंत याबद्दल आदर आहे. पण शेजारच्या वॉर्डातला माणूस गेला, तुम्ही मात्र पेन्शन घेता आहात. त्याच्या मुलाला ही रचनेची भाषा सांगून बघा.

माझे वडील. खुब्याचं ऑपरेशन झालं, छान झालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी आठला पाळी बदलताना जाणारीनं इन्सुलिन दिलं आणि लिहिलं नाही. येणारीनं पुन्हा दिलं. पहाटे हाक मारली तर ओ नाही. साखर चोवीस. अकरा दिवस आयसीयू, मग संपलं. आम्हाला सांगितलं, "वय झालं होतं." दोनदा इंजेक्शन गेल्याचं एका मावशीनं जिन्यात हळूच सांगितलं. ना कुणी माफी मागितली, ना कुणाला मेमो मिळाला. भीती असती तर पहिलीनं आधी लिहिलं असतं आणि मग पर्स उचलली असती.

कोर्टकचेरी (रात्री १०:२०)

कायदा काय आहे तेवढं सांगतो. डॉक्टरवर फौजदारी लावायची तर निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ सालीच ठरवलंय. नव्या न्यायसंहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर इतरांना ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरांना २ वर्षांपर्यंत. ग्राहक मंचाचा रस्ता १९९५ पासून मोकळा आहे. आत टाकणं म्हणता तेवढं सोपं नाही, आणि माझ्या मते नसावंच.

सातपूर_शॉपफ्लोअर (रात्री १०:३१)

मी प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं आहे. पूर्वी ऑपरेटरचं बोट गेलं की म्हणायचे, याचं लक्ष नव्हतं. मग दोन हातांची बटणं आली. दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय प्रेस खालीच येत नाही. बोटं जाणं थांबलं. माणसं तीच होती, अधूनमधून प्यायलेलीही असायची. आमच्याकडे 'थोडक्यात वाचलं' याचं रजिस्टर असतं, आणि लिहिणाऱ्याला कुणी खडसावलं तर सेफ्टी ऑफिसर खडसावणाऱ्याला धरतो. सिस्टरांच्या वॉर्डात ते रजिस्टर असतं तर ती पोरगी हिरो ठरली असती.

२१ एप्रिल २०२१ आठवा. झाकिर हुसेन रुग्णालयाच्या ऑक्सिजन टाकीतून गळती झाली, दाब पडला, २२ माणसं गेली. त्या आठवड्यात अख्खं गाव विचारत होतं, दोषी कोण. दाब पडला की पर्यायी पुरवठा किती मिनिटांत लागतो, त्याची रंगीत तालीम शेवटची कधी झाली, हे विचारणारे किती होते? आज तुमच्या ओळखीच्या दवाखान्यात जाऊन विचारा.

वीस_खाटा (रात्री १०:५०)

मी छोटं हॉस्पिटल चालवतो, म्हणून मला शिव्या पडणार हे धरूनच लिहितो. तत्त्व मान्य. पण रजिस्टर कुणी लिहायचं? जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली मुलगी माझ्याकडे दीड वर्ष टिकते. मग सरकारी भरती नाहीतर आखात. रात्री वीस खाटांना दोन सिस्टर, त्यातली एक हमखास नवी. चूक कबूल करा म्हणता, पण कबूल केल्यावर संध्याकाळी काउंटरच्या काचा फुटतात. माझ्या फुटल्या आहेत. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, तरी पोलीस आले ते दीड तासानं.

आणि कुणी बोलत नाही ते मी बोलतो. रुग्णसुरक्षेला सगळ्यात मोठा धोका नातेवाईकांचा आहे. एका खाटेमागे पाच माणसं, बाहेरचे डबे, सलाइनचा वेग स्वतःच वाढवणारे मामा. पेशंटपाशी कुणीच थांबू नये, असा नियम हवा.

पंचवटीची_सून (रात्री ११:०२)

डॉक्टर, हे वाचून हात थरथरले माझे. सासूबाईंच्या न्यूमोनियात मी सात रात्री वॉर्डात बसले. बसायला खुर्ची नव्हती, बादली पालथी घालून बसले. रात्री तीनला सलाइन संपत आलेलं, नळीत रक्त चढायला लागलेलं, बेल बंद. मी अनवाणी धावत गेले. सिस्टर दुसऱ्या टोकाला एकाला सीपीआर देत होती, एकटी. मी चाक बंद करून बसून राहिले, कारण आदल्या दिवशी तिनंच मला ते शिकवलं होतं. बेडपॅन मी दिलं, पाठ मी पुसली, कूस दर दोन तासांनी मी बदलली, म्हणून शय्याव्रण झाले नाहीत. बिलात 'नर्सिंग चार्जेस' मात्र पूर्ण. आम्ही थांबलो नाही तर तुमचं हॉस्पिटल दुसऱ्या दिवशी बंद पडेल.

वीस_खाटा (रात्री ११:१०)

तुमच्यासारखी दहांत एखादी असते. उरलेले नऊजण पेशंटच्या खाटेवर झोपतात. ऑपरेशनच्या दिवशी पेशंटला चोरून चहा पाजलेला मी पाहिलाय. भूल देताना उलटी श्वासनलिकेत गेली आणि गळा मात्र माझा धरला.

पंचवटीची_सून (रात्री ११:१३)

चहा का द्यायचा नाही, हे त्यांना समजेल असं कुणी सांगितलं होतं का? की 'एनबीएम' (तोंडावाटे काही देऊ नये) असा फलक खाटेला लटकवून मोकळे झालात?

आकडेमोड (रात्री ११:३०)

मी म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासात याच विषयात नाक खुपसून बसलोय, म्हणून दोन गोष्टी.

नातेवाईकांवर भांडताय, पण मुळात भांडण सिस्टरच्या संख्येचं आहे. पेनसिल्वेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये आला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत जवळजवळ तोच आकडा आला. नातेवाईक ही पोकळी भरतात, म्हणून ती हिशेबात दिसतच नाही.

दुसरी गोष्ट सिस्टरांच्या बाजूची नाही. संशोधनाचा उदो उदो करताना सगळं सांगा. शस्त्रक्रियेच्या वेळी तपासून टिका मारायची १९ मुद्द्यांची यादी आठ शहरांत वापरली, त्यात दिल्लीही होती, आणि मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. हे २००९ चं. पण कॅनडात ओंटारिओच्या १०१ रुग्णालयांत ती सक्तीची केल्यावर फारसा फरकच पडला नाही. ते २०१४ चं.

सिडकोकर (रात्री ११:३६)

म्हणजे मी म्हणत होतो तेच. कागद.

सिस्टर_त्र्यंबकरोड (रात्री ११:५२)

नाही. ओंटारिओचा निकाल मला चांगला समजतो, कारण तो मी रोज पाहिलाय. केस संपल्यावर चहा पिताना सगळ्या चौकटींत एकदम टिका मारायच्या. सुरीआधी सगळ्यांनी थांबून पेशंटचं नाव, बाजू, ऑपरेशन मोठ्यानं म्हणायचं असतं, तिथं कुणी थांबत नाही. आणि नवखी सिस्टर सर्जनला "सर, डावा की उजवा?" विचारू शकत नाही, कारण मागच्या वेळी विचारलं तेव्हा तिच्या अंगावर ट्रे आला होता. वरून वटहुकूम निघाला की कागद भरला जातो, तो असा. पण म्हणून प्रश्न विचारायचाच नाही का?

सिडकोकर, पेन्शनचं तुम्ही बोललात ते लागलं. उत्तर नाही माझ्याकडे.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत एक विचारते. आठ वाजता तुम्ही कुठे होता?

सिडकोकर (रात्री १२:०४)

खाली. फुटपाथवर. सातला वॉचमन सगळ्यांना बाहेर काढतो. बाबांजवळ थांबू द्या म्हणून विनवण्या केल्या होत्या. त्यांना दुपारपासून जरा भ्रम होत होता, स्वतः काही सांगू शकत नव्हते. मी असतो तर दुसरी सिस्टर आल्यावर म्हणालो असतो, आत्ताच दिलंय. एवढं एक वाक्य.

पंचवटीची_सून (रात्री १२:०६)

वीस_खाटा, वाचताय ना?

वीस_खाटा (रात्री १२:२५)

वाचतोय. एक माणूस थांबला पाहिजे, मान्य. एकच, आणि त्याला पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसवून सांगायचं: काय द्यायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, काय दिसलं तर ओरडायचं. हे मी करू शकतो, त्याला पैसे लागत नाहीत. पाचजणांना माझा विरोध कायम आहे.

आकडेमोड (रात्री १२:३१)

पाळी बदलतानाचा निरोप ठरावीक साच्यात द्यायला शिकवल्यावर नऊ रुग्णालयांत चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, हेही २०१४ चंच. ते निवासी डॉक्टरांवर होतं, नर्सवर नाही, म्हणून जपून सांगतो. पण खाटेपाशी उभं राहून, पेशंट आणि नातेवाईकासमोर निरोप दिला तर दुसरं इन्सुलिन अडण्याची संधी तिथेच मिळते.

सातपूर_शॉपफ्लोअर (रात्री १२:३८)

आमच्याकडे शिफ्ट मशीनपाशीच बदलते. जाणारा आणि येणारा दोघांची सही, तोवर गेटपास नाही. यात मोठं शास्त्र काही नाही.

सिडकोकर (रात्री १२:५०)

ठीक आहे. त्या दोघी मुलींना आत टाकून बाबांनंतरचा पेशंट वाचला असता असं मी आता छातीठोक म्हणणार नाही. पण आम्हाला खोटं सांगणारा वरचा माणूस, तो कप्प्यामुळे किंवा सिस्टर कमी होत्या म्हणून खोटं बोलला नाही. त्याला मी सोडणार नाही, तुमचं संशोधन काहीही म्हणो.

सिस्टर_त्र्यंबकरोड (रात्री १:०५)

सोडूही नका. चूक झाली ती वेगळी आणि झाकली ती वेगळी. झाकणाऱ्याला शिक्षा व्हावी, याला माझी ना नाही. मीही झाकली होती, हे लिहून बसले आहे.

इनडोअर केसपेपरच्या प्रतीसाठी लेखी अर्ज करा, पोच घ्या. मागणी केल्यापासून ७२ तासांत प्रत द्यावी लागते, हा मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतला नियम आहे. मिळाली की औषधांच्या तक्त्यात त्या तारखेला आठच्या रकान्यात किती सह्या आहेत ते पाहा. नर्सिंग नोट्समध्ये पहाटेची साखर किती वाजता तपासली ते पाहा. शाई किंवा अक्षर मध्येच बदललं असेल तर पानाचा फोटो उजेडात काढा. मला दाखवा, मी ओळ न ओळ वाचून देईन.

सिडकोकर (रात्री १:११)

अर्ज उद्या देतो.