मदत हवी आहे : चालू डीसी केबलमधील पार्शल डिस्चार्जच्या नोंदी भार बदलताच विस्कटतात

३२० किलोव्होल्टच्या, एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन) इन्सुलेशनच्या भूमिगत डीसी केबलवर आम्ही पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनमधील दोषाच्या जागी होणारे छोटे, अपुरे विद्युत विसर्जन) मोजत असून, त्यासाठी टर्मिनेशनपाशी (केबलच्या टोकाच्या जोडणीपाशी) शीथच्या (केबलवरील धातूच्या आवरणाच्या) अर्थिंगच्या तारेवर एचएफसीटी (उच्च वारंवारतेचे प्रवाहाचे स्पंद टिपणारा सेन्सर) बसवला आहे. एसी केबलमध्ये डिस्चार्जचे स्पंद व्होल्टेजच्या फेजशी जुळवून पाहता येतात. डीसीमध्ये फेजच नसल्यामुळे ती ओळखीची आकृती मिळत नाही, आणि त्यात कन्व्हर्टरच्या (एसी-डीसी रूपांतर करणाऱ्या यंत्रणेच्या) स्विचिंगचे स्पंद असे मिसळतात की खरा डिस्चार्ज कोणता हे पडद्यावर कळत नाही. हाय-पास फिल्टर (कमी वारंवारतेचे संकेत अडवणारा) लावला, लागोपाठच्या स्पंदांमधील कालांतरही नोंदवले. स्विचिंगचा बराचसा गोंगाट गळाला, पण भार बदलला की नोंदी पुन्हा विस्कटतात. कंडक्टर तापल्यावर इन्सुलेशनची वाहकता आतल्या बाजूस वाढून विद्युत क्षेत्राचा जोर बाहेरच्या बाजूस सरकतो, हेच कारण असावे असा माझा कयास आहे. इन्सुलेशनची अवस्था तपासणारी टॅन डेल्टा किंवा पोलरायझेशन-डीपोलरायझेशन प्रवाहाची चाचणी कृपया सुचवू नये, कारण त्यासाठी लाइन बंद ठेवावी लागते आणि तशी मुभा वर्षातून एकदाच मिळते. मधले जॉइंटही जमिनीत गाडलेले असल्यामुळे तिथे मोजता येत नाही. अशा स्थितीत कंडक्टरच्या तापमानानुसार नोंदींचे गट पाडून तुलना करावी, की भार स्थिर झाल्यावर थांबूनच मोजावे, आणि थांबायचे तर साधारण किती तास?