अनुभव धागा: टॅबलेट वर्गात आले, आता पुढे?

टॅबलेट आले की पहिला प्रश्न येतो, ‘कोणतं ॲप चांगलं?’ तो तूर्त बाजूला ठेवू. रोज वर्गात टॅबलेट वापरणाऱ्यांनी इथे एवढंच लिहावं: नेमकं काय करावं लागतं, घोडं कुठे अडतं आणि का.

यंत्रं सांभाळणारे

चार्जिंगपासून. साधा टॅबलेट ५ व्होल्टला २ अँपिअर घेतो, म्हणजे १० वॅट. २० टॅबलेटचे २०० वॅट भिंतीतल्या सॉकेटला जड नाहीत. गोम असते चार्जरमध्ये. १० पोर्टचा चार्जर एकूण ४० वॅटचाच असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ४ वॅट. अर्ध्या तासाच्या सुट्टीत लावला तर जेमतेम २ वॅट-तास भरतात, २० वॅट-तासांच्या बॅटरीचा दहावा हिस्सा. तेव्हा पोर्ट मोजू नका, एकूण वॅट वाचा.

लांब सुट्टीआधी बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून टॅबलेट बंद करा. पडदा एका कडेने उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. तो दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, मुलांच्या हातून लगेच काढून घ्या.

नेटवर्क पाहणारे

३० टॅबलेट एकदम १०० एमबीचं अपडेट ओढू लागले की झाले ३ जीबी. २० एमबीपीएसच्या जोडणीवर कागदावरच्या हिशोबाने २० मिनिटं, प्रत्यक्षात जास्तच. अर्धा तास तिथेच गेला. ऑटो-अपडेट बंद ठेवा, अपडेट शाळा सुटल्यावर करा.

नेटचा भरवसा नसेल तर कोलिब्री हे नेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर बघा. साहित्य एकदाच उतरवून घ्यायचं, जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ते चालतं, आणि टॅबलेट खोलीतल्या वायफायवरून ब्राउझरमध्ये ते उघडतात. बाहेरचं इंटरनेट लागत नाही.

गणित

जिओजेब्रा या गणिताच्या ॲपमधला स्लायडर, म्हणजे रेषेचा चढ बदलणारी सरकपट्टी, जितका मोहक तितकाच फसवा. मूल तो सरकवतं, रेषा गरगर फिरते, वर्ग खूश. दोन मिनिटांनी विचारा, ‘चढ ऋण केल्यावर काय झालं?’ सगळे गप्प. हात चालला, डोकं थांबलं.

म्हणून टॅबलेट आधी पालथा. वहीत चढ २, अर्धा, शून्य आणि उणे १ अशा चार रेषा अंदाजाने काढायच्या. मग टॅबलेट सुलटा करून स्लायडरवर तेच चार आकडे आणायचे, आणि अंदाज चुकला तिथे वहीत खूण करायची. शून्य चढाला उभी रेषा काढणारे हमखास निघतात. पडद्यावर ती आडवी पडलेली दिसते आणि खरी चर्चा तिथे सुरू होते. ही दहा मिनिटं घाईत उरकू नका, तासाचा गाभा तोच आहे. स्लायडरची पायरी ०.१ असते, ती ०.५ करा, नाहीतर बोटाने नेमका २ वर आणताना मुलं मेटाकुटीला येतात.

प्रश्नमंजूषेबद्दल

चार पर्यायांचे १० प्रश्न डोळे मिटून टिचकावले तरी सरासरी अडीच बरोबर येतात. १० पैकी ३ म्हणजे ‘थोडं कळलंय’ असं समजू नका. ॲप प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ दाखवत असेल तर तोही पाहा. चार ओळींच्या प्रश्नाला दोन सेकंदांत आलेलं उत्तर वाचून दिलेलं नसतं.

मराठी

उत्तर टाइप करायच्या प्रश्नांत एक जुनं दुखणं आहे. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन रीतींनी उमटतो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ‘ऱ’ घेतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण ॲप आतले संकेत ताडून पाहतं आणि ‘चूक’ म्हणतं. मूल शब्द पुन्हा पुन्हा निरखतं, त्याला चूक सापडत नाही, कारण ती नसतेच. पुढच्या वेळी ते बरोबर शब्दही बदलून बघतं. हे नुकसान गुणांपेक्षा मोठं आहे. गूगल फॉर्म्समध्ये एका प्रश्नाला अनेक मान्य उत्तरं देता येतात. दोन्ही रूपं टाका. आकडेही देवनागरी आणि इंग्रजी, दोन्ही.

पहिली-दुसरी

अक्षर गिरवायची ॲप फक्त वळणाची दिशा कळण्यापुरती. तळहात पडद्यावर टेकला की बऱ्याच टॅबलेटवर रेघ तिथेच उमटते, मग मुलं हात अधांतरी धरून लिहू लागतात आणि तीच सवय पेन्सिलीला लागते. पाच मिनिटं पडद्यावर, लगेच पाटीवर.

गणितवाल्यांना पुरवणी

दोघांत एक टॅबलेट असेल तर एकाने हाताळायचं, दुसऱ्याने सांगायचं, दर पाच मिनिटांनी अदलाबदल. घड्याळ फळ्याजवळ हवं. ‘आपापसांत बदला’ म्हटलं की टॅबलेट धीट मुलाकडेच राहतो. आणि अख्ख्या वर्गात एकच टॅबलेट असेल तर प्लिकर्स हे ॲप: प्रत्येकाकडे छापील कार्ड, उत्तराची बाजू वर धरायची, शिक्षकाचा कॅमेरा सगळी कार्डं वाचतो. बोटं कार्डावरच्या काळ्या आकृतीवर आली की वाचन चुकतं, म्हणून कार्ड कडेला धरायला आधी शिकवा.